एम.आर्क.ला पैसे किती लागतात, त्याआधी कधी लागतात ते बघा

एम.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला, एकूण खर्च किती येतो असं कुणी ज्युनिअरने विचारलं की मी आधी त्यालाच विचारते, तुझ्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो? नोकरदार घर असेल तर या प्रश्नाचं फार काही नाही, एक तारखेला काहीतरी जमा होतंच. पण आमच्या परभणी जिल्ह्यातलं, सेलू-मानवत-पाथरीकडचं शेतीवरचं घर असेल तर सगळं बजेट याच एका प्रश्नावर येऊन थांबतं. कारण सीट पक्की करायची, पहिल्या सेमिस्टरची फी भरायची, होस्टेलचं डिपॉझिट द्यायचं, हे सगळं मे ते जुलैमध्ये येतं आणि नेमकं तेव्हाच घरात बी-बियाणं, खत, पेरणी, फवारणीचं औषध चालू असतं. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, कापसाचा वेचणी होईल तसा थोडाथोडा, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. जूनमध्ये शेतकऱ्याच्या घरातून पैसा फक्त बाहेर जातो.

मी घरी पहिल्यांदा आकडे मांडले तेव्हा दोन वर्षांची टोटल काढून पप्पांसमोर ठेवली होती. त्यांनी टोटलकडे बघितलंही नाही. म्हणाले, "किती ते मग बघू, कधी लागायलेत ते आधी सांग." मग मी तीच यादी महिन्याप्रमाणे लावली, आणि तेव्हा कळलं की आमचं अडतंय ते टोटलवर नाही, दोनच महिन्यांवर अडतंय. तेवढे दोन महिने कसे निघतील ते बघितलं की बाकीचं जमण्यासारखं होतं. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगते, खर्चाच्या यादीत रकमेच्या आधी तारखेचा रकाना पाहिजे.

सुरुवात गेटपासून, म्हणजे एम.आर्क.च्या प्रवेश परीक्षेपासून करू. गेटच्या आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपरचे फॉर्म ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. मुलींना फॉर्मची फी निम्मी असते. पेपर १०० मार्कांचा, त्यात १५ मार्क ॲप्टिट्यूडचे, मोठा भाग सगळ्यांना सारखा आणि पुढे आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यातलं एक निवडायचं. अभ्यासाबद्दल नेटवर भरपूर आहे, मी त्यात शिरत नाही. पैशाच्या बाजूने यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणजे यंदा स्कोअर आला आणि घरात यंदा पाऊसमान बरं नसेल तर एक वर्ष पुण्यात किंवा संभाजीनगरला नोकरी करून पैसे साठवून पुढच्या वर्षी त्याच स्कोअरवर जाता येतं. आपल्याकडे वर्ष वाया गेलं म्हणून लोक हळहळतात, नातेवाईक तर विचारून विचारून जीव खातात, पण बी.आर्क.नंतर एक-दोन वर्षं साईटवर उभं राहिलेली मुलं एम.आर्क.च्या स्टुडिओत वेगळीच उठून दिसतात हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे ते वर्ष मी तरी वाया गेलं असं कधीच म्हणणार नाही.

गेटवर ॲडमिशन झालं की दुसरा मोठा फायदा स्टायपेंडचा. महिन्याला १२,४०० रुपये, दोन वर्षांचे चोवीस महिने धरले तर २,९७,६०० रुपये होतात. एनआयटीमध्ये, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण संस्थांमध्ये, ट्युशन फी साधारण सेमिस्टरला ३५,००० म्हणजे चार सेमिस्टरचे १,४०,०००, त्यावर होस्टेल, मेस आणि बाकी किरकोळ. म्हणजे कागदावर बघितलं तर सरकारी संस्थेतलं एम.आर्क. जवळजवळ स्टायपेंडमध्येच निघतं. हे खरंय आणि आपल्या भागातल्या मुलांना हे पुरेसं माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण कित्येक जण फी ऐकायच्या आधीच "आपल्याला नाही परवडायचं" म्हणून विषय सोडून देतात. सेमिस्टरची फी म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावाने, ५,३२८ रुपये क्विंटल, साडेसहा क्विंटल सोयाबीन. हमीभाव बाजारात मिळत नाही ते मला माहितेय, तरी आठ-नऊ क्विंटलच्या पुढे ते जात नाही. खासगी ठिकाणी मात्र हा हिशोब बसत नाही. अहमदाबादच्या सेप्टसारख्या ठिकाणी एका सेमिस्टरचीच फी लाखांत असते, शिक्षण उत्तम आहे, पण तिथलं बजेट पूर्ण वेगळं मांडावं लागतं.

आता इथे तारीख बघा. स्टायपेंड लागू होतो तो ॲडमिशनपासून, पण बँक खातं, कागदपत्रं, हजेरी, व्हेरिफिकेशन असं सगळं होऊन पहिली रक्कम हातात पडेपर्यंत काही महिने जातात. तोपर्यंत मेस, रूमची गादी-बादली, पहिल्या स्टुडिओचं सामान, सगळं खिशातून. म्हणून माझं म्हणणं असं की पहिल्या सेमिस्टरची फी अधिक चार महिन्यांचा राहायचा खर्च एवढी रक्कम जूनच्या आधी वेगळी काढलेली पाहिजे, आणि ती आधीच्या दिवाळीत काढायची, सोयाबीनची पट्टी हातात आली की लगेच, कारण एकदा ते पैसे घरखर्चात मिसळले की मग जूनमध्ये ते सापडत नाहीत. लॅपटॉपचंही तेच. चांगलं ग्राफिक कार्ड आणि किमान १६ जीबी रॅम असलेला लॅपटॉप घ्यायला गेलं की ऐंशी हजार ते लाखभर जातातच, तो ॲडमिशन झाल्यावर जूनमध्ये घ्यायचा म्हणजे घरावर दुहेरी बोजा. गेटच्या अभ्यासाच्या वर्षातच दिवाळीच्या ऑफरमध्ये घेऊन टाका, पोर्टफोलिओलाही कामाला येतो.

सीट वाटप सीसीएमटी या सेंट्रल काउन्सेलिंगमधून होतं. एनआयटी आहेतच, शिवाय दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या एसपीएच्या (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) सीट्सही त्यातूनच भरतात. राउंडमध्ये सीट लागली की सीट ॲक्सेप्टन्स फी दिलेल्या मुदतीत भरावीच लागते, मुदत थोड्या दिवसांची असते आणि चुकली तर सीट जाते. ही फी नंतर संस्थेच्या फीमध्ये धरली जाते, पण त्या क्षणी ती रोख खात्यात पाहिजे. आमच्याकडे अशा वेळी आडत्याकडून उचल घ्यायची पद्धत आहे. शक्यतो टाळा, त्या उचलीपायी पुढचा माल त्याच्याच दारात त्याच्याच भावाने जातो.

कागदपत्रांचं पण सांगते कारण इथे पैसे नाही पण सीट जाते. ओबीसी नॉन-क्रिमिलेयर आणि ईडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यात लागतं, आपल्या तहसीलला न सांगता मागितलं तर राज्याच्या नमुन्यातलं हातात पडतं. आणि ते चालू आर्थिक वर्षातलं लागतं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं. मार्चमध्ये घाईघाईने काढून ठेवलं तर परत सेतूची वारी. उत्पन्नाचा दाखलाही तेव्हाच काढून घ्या, पुढे कर्जाला लागतो. राज्याच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, महाराष्ट्रातल्या कॉलेजला जाणार असाल तर जात पडताळणीही लागते, ती तर वर्षभर आधीच करून ठेवण्याची गोष्ट आहे.

कर्जाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण शेतकरी घरातली मुलं सगळ्यात जास्त इथे अडकतात आणि त्यांना कारण कुणी नीट सांगत नाही.

नियम तसे सोपे आहेत. सर्वसाधारणपणे बँका ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला मार्जिन मागत नाहीत, म्हणजे आपल्या खिशातून काही घालावं लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के आणि परदेशाला १५ टक्के स्वतःचे घालावे लागतात. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तर निवडक चांगल्या संस्थांच्या यादीत तुमची संस्था असेल तर तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज आहे, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष व्याजात ३ टक्के सवलत. फक्त दुसरी सरकारी स्कॉलरशिप घेत असाल तर ही व्याजसवलत मिळत नाही, त्यामुळे गेटचा स्टायपेंड घेणाऱ्यांनी बँकेला हे आधी लेखी विचारून घ्यावं.

अडतं ते तारण लागतं तिथे. बाप दहा एकराचा मालक, सातबारा कोरा, आणि बँक म्हणते तारण द्या. पोरगं म्हणतं ही घ्या जमीन. बँक म्हणते शेतजमीन चालत नाही. गावात हे कुणालाच पटत नाही, कारण त्याच जमिनीवर तीच बँक पीककर्ज देत असते. कारण असं की कर्ज थकलं तर बँका ज्या कायद्याने कोर्टात न जाता मालमत्ता ताब्यात घेतात, तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून त्यांना एनए (बिनशेती) प्लॉट, शहरातला फ्लॅट किंवा एफडी पाहिजे असते. गावठाणातलं घर दाखवावं तर त्याला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ, त्यावर बँक मालकी धरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून प्रॉपर्टी कार्ड द्यायचं काम चालू आहे, तुमच्या गावचं झालं असेल तर ते काढून ठेवा, निदान बोलायला कागद होतो. हे सगळं मी एवढ्या तावातावाने लिहायचं कारण, पंचवीस लाखांची जमीन असलेला माणूस पोरीच्या शिक्षणासाठी बँकेत रिकाम्या हाताने उभा राहतो हे मी जवळून बघितलंय आणि ते बरोबर नाही.

दुसरी अडचण सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या जुन्या नोंदीची. मुलाच्या कर्जाला वडील सहकर्जदार असतात. वडिलांचं पीककर्ज थकीत असेल, दुष्काळात राहिलं असेल किंवा माफी होणार आहे म्हणून भरलं नसेल, तर ते त्यांच्या सिबिलवर दिसतं आणि शाखेत फाईल तिथेच थांबते. यावर जूनमध्ये काही करता येत नाही. ज्या वर्षी मुलगा-मुलगी ॲडमिशन घेणार त्या वर्षी ३१ मार्चच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं भरून नवं उचलणं) करून घ्यायला घरच्यांना सांगा, भले त्यासाठी तूर विकावी लागली तरी. आणि वडिलांचं सिबिल जमत नसेल तर नोकरीतला काका, मामा, बहीण-दाजी यांना सहकर्जदार करता येतं का ते शाखेत विचारा.

शिकत असताना आणि पुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. जमलं तर स्टायपेंडमधून ते व्याज महिन्याच्या महिन्याला भरत राहा. १० लाख रुपये १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर हप्ता १३,२१५ रुपये येतो. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांना पुण्यात वीस-पंचवीस हजारांपासून सुरुवात मिळाली, एम.आर्क.नंतर त्यात वाढ होते पण दुप्पट-तिप्पट लगेच होत नाही. आयटीवाल्या भावाच्या हिशोबाने आर्किटेक्टने कर्ज काढू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

म्हणूनच परदेशाबद्दल मी जपून बोलते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्युशन फी नाही, हे ऐकून सगळे खूश होतात. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख, आणि तेही एकदम. पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोप्रमाणे परत मिळतात, पण जमा मात्र आधी करावे लागतात. त्याआधी आपली डिग्री तपासून मिळणाऱ्या एपीएस सर्टिफिकेटचे १८,००० रुपये, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात त्या युनि-असिस्टला पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकी ३० युरो, शिवाय विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायचे. म्हणजे ॲडमिशन मिळेल की नाही हे कळायच्या आत पन्नास हजारांच्या पुढे खर्च होऊन गेलेला असतो, आणि यातला बराच खर्च ऑक्टोबर ते जानेवारीत येतो, जो आपल्या शेतीच्या वेळापत्रकाला उलट बरा बसतो. बारा लाखांचं तसं नाही. ते जर बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, लागत नाही, स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर कापला जातो आणि रिटर्न भरून परत मिळवावा लागतो. हेही माहीत असू द्या.

स्कॉलरशिप आहेत आणि त्यांना अर्ज करायलाच पाहिजे. डाड या जर्मन संस्थेची खास आर्किटेक्चरच्या मास्टर्ससाठी वेगळी स्कॉलरशिप आहे, त्यात अर्बन प्लॅनिंग आणि लँडस्केपही येतं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, जिच्यात भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची. यांच्या जाहिराती येतात तेव्हा कागद तयार असणाऱ्याचंच काम होतं. जे. एन. टाटा एंडोमेंटचीही आहे, पण ती लोन स्कॉलरशिप आहे, परत करायची असते. यातली एखादी मिळाली तर जरूर जा, आनंदाने जा. नुसत्या वीस-पंचवीस लाखांच्या कर्जावर जायचं असेल तर घरच्यांबरोबर बसून तो हप्त्याचा आकडा एकदा मोठ्याने वाचा.

मी स्वतः देशातच राहिले, कॉन्झर्वेशन (जुन्या वास्तूंचं जतन) घेतलं, आणि रोजच्या खर्चात मला सगळ्यात जास्त टोचलं ते प्लॉटिंग आणि मॉडेल. एका ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, दहा-बारा ए१ शीट कलरमध्ये काढायच्या म्हटल्यावर हजार-दीड हजार असे जातात. आधी ए३ वर ब्लॅक अँड व्हाईट प्रूफ काढून भिंतीला लावा, लाईनवेट आणि अक्षरांचा आकार तिथेच कळतो, मग एकदाच ए१ द्या. लेझर कटिंगवाला मिनिटाप्रमाणे पैसे घेतो. कॅडच्या ड्रॉईंगमध्ये एका रेषेवर दुसरी रेषा पडलेली असते, स्क्रीनवर ती दिसत नाही, पण लेझर त्याच जागी दोनदा फिरतो, वेळ दुप्पट, बिल दुप्पट आणि माउंटबोर्ड जळून काळा पडतो तो वेगळाच. फाईल द्यायच्या आधी ओव्हरकिल कमांड मारायची, दुबार रेषा उडून जातात. दोन शेजारच्या तुकड्यांची कड एकच ठेवायची, तेवढंच एक कापणं वाचतं. असं करून माझं कटिंगचं बिल निम्म्यावर आलं. सॉफ्टवेअरला पैसे घालायची घाई करू नका, ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, मॅपिंगला क्यूजीआयएस आणि रेंडरिंगला ब्लेंडर सगळ्यांनाच फुकट आहे, राइनो ९० दिवस ट्रायलवर चालतं.

जाण्यायेण्याचं आपल्याला एक सुख आहे, नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत थेट भोपाळ आणि दिल्लीला जाते. स्लीपरचं भाडं परवडतं, फक्त दिवाळीचं तिकीट बुकिंग उघडल्या दिवशी काढा.

राहिला पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामाचा संच. गेटच्या काउन्सेलिंगला तो लागत नाही, पण सेप्टला, परदेशाला आणि स्कॉलरशिपला लागतो. त्यासाठी महागडे वर्कशॉप करायची काही गरज नाही. आपल्या भागात बारवा, गढ्या, माळवदाचे वाडे एवढे पडलेत की त्यांचं मेजर्ड ड्रॉईंग (जागेवर मोजून काढलेलं चित्र) करणारा माणूस कमी पडेल. माझ्या पोर्टफोलिओतली सगळ्यात चांगली शीट आमच्याच वाड्याची होती. दगडी जोत्यावर मातीच्या भिंती, सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचनं (आडव्या लाकडी पट्ट्या), वर पांढरीच्या मातीचा थर, भिंतीत धान्याचं बळद, दाराशी ढाळज, म्हणजे बसायची जागा. आजोबांना घराचं माप फुटात सांगता येत नव्हतं, ते खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, सांगायचे, आणि मी मोजायला लागले तेव्हा त्यांच्या खणांची मापं टेपवर एकमेकांशी इतकी जुळली की सेक्शन काढायला वेळच लागला नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशीच दगड-मातीची जड घरं कोसळली, त्यामुळे माळवदाचं वजन, भिंतीतले दोन वेगळे थर, त्यांना जोडणारे आरपार दगड नसणं, हे सगळं मी त्याच शीटवर दाखवलं होतं. इंटरव्ह्यूमध्ये बाकीचं काम बाजूला ठेवून त्याच शीटवर प्रश्न आले. खर्च म्हणाल तर टेप, ग्राफ पेपर आणि चुलतभावाचा एक दिवस.

वालूरची चक्राकार बारव तर आमच्या सेलू तालुक्यातच. पायऱ्या गोल फिरत खाली जातात, गावकऱ्यांनीच गाळ काढून ती मोकळी केली. अशी बारव मोजायची असेल तर एप्रिल-मेमध्येच जा, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हाच खालच्या पायऱ्या दिसतात, एकदा पाऊस लागला की मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं. परदेशाचे आणि स्कॉलरशिपचे बरेचसे अर्ज सप्टेंबर ते जानेवारीत असतात, म्हणजे त्याच्या अलीकडचा उन्हाळा या कामासाठी मोकळा ठेवा, सकाळी सात ते दहा मोजायचं आणि दुपारी घरी बसून कॅडमध्ये चढवायचं.